पंचतारांकित गारवा

नागपुरात उन्हाळ्याची तक्रार करत नाहीत, फुशारकी मारतात. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं आणि हवामान खात्याला खुलासा करावा लागला की सेन्सर बिघडला होता. नागपूरकर सेन्सरच्या बाजूने उभे राहिले. "बिघडला असंल जी, पण खोटं नाई बोलला," हे आमच्या चौकातल्या पानवाल्याचं मत तेव्हाही होतं, आजही आहे. अशा गावात पंचवीस-तीस वर्षांचा पोरगा कमावता झाला, लग्न ठरलं किंवा ठरायच्या बेतात आलं, की एसी घ्यायला निघतो. त्यात नवल काही नाही. नवल आहे ते त्याच्या कारणाचं. एसी का घेतोस म्हणून विचारा. ऊन, घाम, झोप, सासुरवाडीचे पाहुणे, यातलं एकही कारण तो सांगणार नाही. तो म्हणतो, "मामा, फाइव्ह स्टार आहे. वीज वाचते."

ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरात आधीपासून तीन-चार एसी वीज पीत बसलेत आणि हा त्यांचा बंदोबस्त करायला निघालाय. प्रत्यक्षात घरात एसी नसतोच. असतो तो कूलर.

आमच्याकडचा कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी. तीन बाजूंना ताट्या, आत पंखा, खाली पाणी. होळी झाली की तो गॅलरीतल्या पोत्याखालून बाहेर निघतो. मग गंज खरवडणं, तळाला रंगाचा हात मारणं, वाळ्याच्या ताट्या बदलणं, "मागच्या वर्षी तर चालू होता" असं म्हणत जुना पंप बसवणं आणि तो चालू नाही हे कळल्यावर भर दुपारी नवा आणायला धावणं, असा सगळा सोहळा होतो. पहिल्या संध्याकाळी ओल्या वाळ्याचा वास घरभर सुटला की उन्हाळा अधिकृतपणे सुरू झाला. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढंच त्याचं शास्त्र. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते चोख चालतं. या सगळ्याला वीज लागते साधारण दोनशे वॉट. दीड टनाचा एसी भर दुपारी याच्या पाच-सहा पट वीज सहज ओढतो. म्हणजे आमच्या कोरड्या उन्हाळ्यात सगळ्यात काटकसरी यंत्र कोणतं, तर गॅलरीत गंजत पडलेलं हे. पण त्याच्यावर एकही तारा नाही. तो ज्या वर्कशॉपात बनतो तिथे तारे फक्त वेल्डिंगच्या वेळी चमकतात.

मग "वीज वाचते" म्हणजे कशाच्या तुलनेत? कूलरच्या नव्हे. तुलना असते ती दुकानात शेजारी टांगलेल्या तीन ताऱ्यांच्या एसीशी, जो आपण घेणारच नव्हतो. न घेतलेल्या वस्तूच्या न आलेल्या बिलातून वाचवलेले पैसे, असा हा हिशोब आहे. त्यात एका पैशाचीही चूक काढता येत नाही, आणि त्यातून एक पैसाही हाती लागत नाही.

कूलरची बाजू फार ताणण्यात अर्थ नाही, हेही खरं. मृगाचे दोन शिडकावे झाले की तो गारव्याऐवजी चिकचिक द्यायला लागतो. रोज बादल्या ओताव्या लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची माणसं डेंग्यूच्या अळ्या शोधत आली की सरळ कूलरकडे जातात. पण माझ्या भाच्याच्या घरचा कूलर यातल्या कशानेच गेला नाही. तो आवाजाने गेला.

भाचा मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगवसाहतीत, नोकरीला आहे. भाचेसून घरूनच काम करते. तिची कंपनी बंगळुरूची आणि साहेब आणखी कुठला तरी. करोनाच्या साथीत घरून काम सुरू झालं, ते तिच्यापुरतं संपलंच नाही. पूर्वी दुपारचा गारवा कंपनीच्या खर्चाने मिळायचा, आता तो स्वतःच्या मीटरवर घ्यावा लागतो. एसीच्या खपाची कारणं शोधणाऱ्यांनी हे एक जरूर नोंदवावं. तर एका दुपारी तिची महत्त्वाची मीटिंग चालू होती. खिडकीतला कूलर त्याच्या नेहमीच्या उत्साहाने भरभरत होता, ताट्यांवरून पाणी झरत होतं. पलीकडून साहेबांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, "तुमच्याकडे खूप पाऊस आहे का?" बाहेर पारा ४६ वर होता. भाचेसून म्हणाली, "हो सर, जरा आहे." त्याच संध्याकाळी एसीचा ठराव मंजूर झाला.

ठराव आवाजावरून झाला, हे मला ताईने सांगितलं. भाच्याने मला सांगितलं ते कार्बन फूटप्रिंटबद्दल.

आमच्या भाऊजींना, म्हणजे भाच्याच्या वडिलांना, हा ठराव पटणं अवघड होतं. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. वीजबचतीचं त्यांचं शास्त्र सरकारी योजनांच्या कितीतरी आधीचं आहे. खोलीतून माणूस बाहेर पडला की त्याच्या मागून पंखा बंद करायचा. माणूस परत येणार असला तरी करायचा. टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा. "फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवून ये," हे वाक्य त्यांच्या घरात मुलं पाढ्यांच्या आधी शिकली. महावितरणची बिलं ते टॅग लावून फाइलीत ठेवतात. १०० युनिट, ३०० युनिट, ५०० युनिट या पायऱ्या त्यांना तोंडपाठ आहेत. ३०० ची रेषा त्यांच्या घराने ओलांडली तो महिना त्यांच्या बोलण्यात अजून येतो. त्या महिन्यात ताईच्या माहेरची माणसं राहायला होती. माहेरची म्हणजे आम्हीच.

भाऊजींची बचत न घेण्यातून होते, भाच्याची घेण्यातून. एवढाच दोन पिढ्यांमधला फरक. बाकी हिशोबाची खाज एकच आहे.

बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, दुकानात आम्ही सगळे गेलो. दुकानातला पोरगा बावीस-तेवीसचा असेल. त्याने भाऊजींकडे एकदा पाहिलं आणि गिऱ्हाईक कोण, हे बरोबर ओळखलं. भाच्याला पटवायची गरजच नव्हती. यूट्यूबवर कोणीतरी माणूस प्लगमध्ये वॉटमीटर खोचून तासाला किती वीज जाते ते दाखवतो, ते सगळं भाचा रात्री जागून बघून आला होता. या पिढीचा सरकारी चिकटपट्टीवर विश्वास नाही, कंपनीवर नाही, दुकानदारावर तर नाहीच. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात वॉटमीटर घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसावर आंधळा विश्वास आहे.

"काका, हे बघा," म्हणत पोराने एसीवरचं लेबल दाखवलं. मीही पहिल्यांदाच ते नीट वाचलं. वर कमानीत तारे, ठळक, लांबून दिसतील असे. खरं काम करतो तो आकडा मात्र खाली, लहान अक्षरात: वर्षाला किती युनिट. त्याच्याही खाली तारीख, हे लेबल कधीपासून कधीपर्यंतचं ते. तारे कायमचे नसतात हे मला तिथे कळलं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने ही तारांकनाची योजना २००६ मध्ये आणली, २०१० पासून ती एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना सक्तीची केली, आणि तेव्हापासून ब्यूरो दर काही वर्षांनी कसोटी कडक करत आलाय. जुलै २०२२ मध्ये अशीच ती कडक झाली आणि जूनपर्यंत पाच ताऱ्यांचा असलेला एसी एका रात्रीत चार ताऱ्यांचा झाला. यंत्र तेच, गारवा तोच, फक्त ग्रहमान बदललं.

"तीन स्टारचं मॉडेल वर्षाला हजार-साडेदहाशे युनिट खाते, पाच स्टारचं आठशेच्या आसपास," पोरगा सांगत होता. "अडीचशे युनिटचा फरक धरा काका. दहा रुपये युनिट. वर्षाला अडीच हजार वाचले. किमतीत फरक आठ हजाराचा. सव्वातीन वर्षांत वसूल, मंग सारं फुकट."

"वर्षाला म्हणजे किती तास?" भाऊजींनी विचारलं.

पोरगा जरा गडबडला, पण त्याला माहीत होतं. "सोळाशे तास."

"आणि बाहेर ऊन किती धरलं?"

हे पोराला माहीत नव्हतं. भाच्याला होतं. यूट्यूबची कृपा. लेबलाच्या गणितात बाहेरचं तापमान २४ अंशांपासून ४३ अंशांपर्यंत धरलेलं असतं. भाऊजी ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "४३ ला आमच्याकडे स्वेटर वाळत घालतात." दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही हसली. खरेदी तिथेच फिसकटायची. पण पोराने हुकमी पान टाकलं. "काका, आठ हजार एकदम कोण मागून राहिलं? नो-कॉस्ट ईएमआय आहे. बारा महिने. फरक महिन्याला पावणेसातशे."

इथे अर्थशास्त्राला थोडी जागा द्यायला हवी. जेरी हॉसमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७९ मध्ये एसी घेणाऱ्यांचा अभ्यास केला. त्याला दिसलं की महाग पण काटकसरी एसी आणि स्वस्त पण खादाड एसी यांत निवड करताना लोक पुढच्या बचतीची किंमत फार कमी धरतात, वर्षाला सुमारे २० टक्के कापून. पुढच्या वर्षी वाचणारे शंभर रुपये त्यांना आज ऐंशी-पंच्याऐंशीचेच वाटतात, त्यापुढच्या वर्षीचे आणखी कमी. थोडक्यात, पाच तारे न परवडण्याचं कारण खिसा जितकं असतं तितकंच कॅलेंडरही असतं. ईएमआयने त्यावर साधा तोडगा काढला. किंमत महिन्याची झाली, बिल महिन्याचं होतंच. दोन्ही एकाच मापात आले, आणि जो पोरगा सव्वातीन वर्षांचा विचार करू शकत नाही तो एका महिन्याचा आरामात करतो. पर्यावरणाच्या नावाने निघालेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा या एका सोयीने जास्त तारे विकले असावेत, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण बर्डीवर उभं राहून केलेला.

एसी घरी आला तो हॉलमध्ये लागला. हेही बघण्यासारखं आहे. ज्यांना दोन एसी परवडतात त्यांच्या हॉलमध्ये पाच तारे असतात आणि आतल्या खोलीत तीन. वीज वाचवायची तर उलटं हवं. आतला रात्रभर चालतो, हॉलमधला पाहुणे आले की. पण आतल्या खोलीतले तारे कोण बघणार? आणि लेबल कोणी काढत नाही. फ्रिजचं हँडल सैल होतं, रंग पिवळा पडतो, दार बंद व्हायला गुडघा लावावा लागतो, पण तारे जागच्या जागी असतात. एसीचं बाहेरचं युनिट साऱ्या फ्लॅट स्कीमला दिसतं, तारे मात्र आत राहतात. म्हणून मग ते तोंडाने सांगावे लागतात. भाच्याने ते लिफ्टमध्ये सांगितले, पार्किंगमध्ये सांगितले, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत सांगितले. महिन्याभरात वरच्या मजल्यावर एक एसी आला, पाच ताऱ्यांचा. समोर आला, पाच ताऱ्यांचा. स्कीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी बिलाचा फोटो टाकला आणि त्यानंतर बिलांची अशी काही स्पर्धा लागली की सुप्रभातचे संदेश मागे पडले.

यात हसण्यासारखं आहे, पण नवीन काही नाही. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाचं गाव आहे. तिथे काही मानसशास्त्रज्ञांनी घरोघरच्या दारांना पत्रकं अडकवली. सांगणं एकच होतं, एसीऐवजी पंखा लावा. कारणं मात्र घरागणिक वेगळी. काहींना सांगितलं, पर्यावरणासाठी लावा. काहींना, समाजासाठी. काहींना, पैसे वाचतील म्हणून. आणि काहींना फक्त एवढंच, की तुमच्या गावातले ७७ टक्के लोक लावतात. मग मीटर तपासले. सगळ्यात जास्त बचत झाली ती या शेवटच्या घरांत. गंमत पुढे आहे. वीज वाचवण्याची कारणं लोकांना विचारली होती, तेव्हा पर्यावरण पहिलं आलं होतं आणि "शेजारी वाचवतात म्हणून" हे तळाला. हा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. नागपुरातल्या कुठल्याही जिन्यावर तो त्याआधी चाळीस वर्षं उपलब्ध होता, फक्त कोणी लिहून काढला नव्हता.

एलईडी दिव्याच्या वेळी हे नाटक झालं नाही. २०१५ मध्ये उजाला योजना आली, दिवा स्वस्त झाला, लोकांनी घेतला, जुना काढला, विषय संपला. दिव्याबद्दल प्रसादाच्या रांगेत बोलताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

पंख्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती पुण्याची आहे. लग्नाआधी भाचा हिंजवडीत नोकरीला होता आणि वाकडला दोन मित्रांसोबत भाड्याने राहायचा. फ्लॅटमध्ये मालकाचा एसी होता. तो कोणत्या सालचा, हे त्याच्या पिवळेपणावरूनच ठरवावं लागे. या व्यवहाराची रचनाच अशी, की यंत्र मालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो. मालकाने जास्त पैसे घालून पाच तारे का आणावेत? त्याला त्यातला एक रुपया दिसणार नाही. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा पोरगा दुसऱ्याच्या भिंतीत स्वतःचा एसी का बसवील? तरुण मंडळी वीजबचतीला उत्सुक नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी वाकडमध्ये घर भाड्याने घेऊन बघावं.

पण पंखा निघतो. चार स्क्रू आणि दोन वायरी. म्हणून या पोरांनी बीएलडीसी पंखे आणले. साधा पंखा सत्तर-ऐंशी वॉट खातो, हा तीसच्या आसपास. आतल्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं आणि वेग ठरवायला इलेक्ट्रॉनिक सर्किट, त्यामुळे फुकट तापण्यात जाणारी वीज वाचते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी २०१२ मध्ये काढलेल्या अॅटमबर्ग कंपनीने हे पंखे घरोघरी नेले. मागून जुन्या कंपन्याही आल्या. २०२३ च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांनाही तारे सक्तीचे झाले. हिशोबही स्वच्छ आहे. पंचेचाळीस वॉटची बचत, दिवसाला बारा तास, महिन्याला सोळा युनिट. साध्या पंख्याहून हजार-दीड हजार जास्त मोजले, तरी वर्षाच्या आत वसूल. एसीच्या सव्वातीन वर्षांपुढे हा सौदा कितीतरी उजवा, आणि मी मनापासून शिफारस करीन.

पण भाच्याच्या खोलीतल्या तिघांनी तो वर्षाच्या आत वसूल होतो म्हणून आणला नव्हता. त्याला रिमोट होता. रात्री दोन वाजता पंखा कमी करायला कोणी उठायचं, हा त्या खोलीतला सगळ्यात जुना आणि कडवट वाद होता. रिमोटने तो एका रात्रीत मिटवला. त्यानंतर रिमोट कोणाच्या उशीखाली राहायचा, हा नवा वाद सुरू झाला. घर सोडताना पोरांनी पंखा काढून जुना जागेवर बसवला, आणि डिपॉझिटमधून "पंखा जुना दिसतो" म्हणून मालकाने जे कापलं त्यावरून जी भाषा झाली ती इथे नको.

भाच्याला मी एकदा सरळ विचारलं, पृथ्वीची काळजी तुला खरंच आहे का? तो चिडला. आणि त्याचं चिडणं खरं होतं. नागपूरच्या माणसाला वीज कुठून येते हे पुस्तकात वाचावं लागत नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात. कोळसा आसपासचा, राखही आसपासच. ४५ अंशांत दुचाकीवरून मिहानला जाणाऱ्या पोराला हवामानबदल कळत नाही, असं घरात एसीत बसून मी म्हणणं बरं दिसत नाही. त्याच्या-माझ्या मतभेदाचं कारण एवढंच, की हे सगळं त्याला दुकानात जाताना आठवलं नव्हतं. आवाज आठवला, साहेब आठवले, हप्ता आठवला. चिमण्या आठवल्या त्या वस्तू घरी आल्यावर, कोणीतरी "एवढा महागाचा?" म्हणून विचारलं तेव्हा.

मात्र एकदा सांगितलेलं कारण गळ्यात पडतं, हेही मी पाहिलं. सुरुवातीचे आठवडे एसी २० वर चालायचा आणि दोघं हॉलमध्येच दुलई घेऊन झोपायची. "फाइव्ह स्टार आहे ना मामा, चालू दे." विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय. इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट जास्त जळतो, कारण काटकसरी इंजिन लोक जास्त ठिकाणी वापरतात. मग पहिलं पूर्ण बिल आलं. ३०० ची रेषा कुठेतरी मागे पडली होती. आणि ग्रुपवर फोटो टाकायचा होता. जो माणूस रांगेत उभा राहून वीज वाचते म्हणून सांगत होता, त्याला हा फोटो टाकता येईना. तेव्हा कुठे भाच्याने ब्यूरोची माहिती काढली. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते आणि २०२० पासून नवे एसी सुरू होतात तेच २४ वर. तो २६ वर आला, सोबत पंखा. दुलई कपाटात गेली. लोकांसाठी सांगितलेल्या कारणाने अखेर त्यालाच कामाला लावलं.

भाऊजींचं परिवर्तन याहून नाट्यमय झालं. एसीला अ‍ॅप आहे. रोज किती युनिट जळले ते मोबाइलवर दिसतं. चाळीस वर्षं टॉर्च घेऊन जिन्याखालच्या मीटरचा आकडा वहीत उतरवणाऱ्या माणसाला हे घरबसल्या मिळालं. आता रात्री अकराला ते ताईला सांगतात, "आज तीन पूर्णांक दोन." सुनेच्या मीटिंगा संपल्या की यांना खालच्या मजल्यावरच्या आपल्या घरात कळतं. एकदा ती बाजारात गेली असताना वरच्या हॉलमधला एसी चालू राहिला. त्यांनी सोफ्यावरून तो बंद केला आणि त्या दिवशी दोनदा जेवले.

कूलर मात्र गेलेला नाही. तो भंगारात द्यायचा विषय निघाला की ताई म्हणते, असू दे, पाहुणे आले की हॉलबाहेरच्या गॅलरीत लागेल. जुना फ्रिजही असाच राहिलाय. नवा पाच ताऱ्यांचा आला, तो स्वयंपाकघरात. जुना मागच्या खोलीत, सालपापड्या आणि लग्नातून उरलेल्या थंड पेयांच्या बाटल्यांसाठी, बाराही महिने चालू. त्याचे युनिट कोणी मोजत नाही, कारण त्याला अ‍ॅप नाही.

मागच्या डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला तेव्हा भाच्याचा दुकानातून फोन आला. गीझर बघत होता.

"किती स्टार?" मी विचारलं.

"एक आहे पाच स्टारचा."

"मग घे की."

"हो, पण मामा, त्याला रिमोट नाही. दुसरा आहे त्याला रिमोट आहे, वायफाय पण आहे. तो चार स्टार आहे."

"मग?"

"तोच घेऊन राहिलो. चार स्टार म्हणजे वीज वाचतेच ना."